अकरा घमेली माती

९ जानेवारी

बी का कुजलं?

हा प्रश्न आज एका बाईंनी मला विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. मृदाशास्त्राच्या पेपरात मला एक्क्याण्णव मार्क होते. तरी देता आलं नाही. या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून पहिल्याच पानावर हे लिहून टाकते.

बाई जाड भिंगांचा चष्मा लावतात. डब्याच्या झाकणात त्यांनी भुईमुगाचे दाणे आणले होते. गेल्या वर्षी पेरलेले, मग उकरून काढून वाळवून ठेवलेले. काळे पडलेले. बोटाने दाबले की भुगा होत होता.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "तुमचा मेसेज आला, मी पेरलं, कुजलं. त्याच्या आदल्या वर्षी मेसेज आला, मी पेरलं, कुजलं. चार वर्षं झाली. आमच्या शेजारणीला वाचता येत नाही, ती तुमचा मेसेज बघतसुद्धा नाही. ती तीन आठवडे उशिरा पेरते. तिचं उगवतं. आता तू शिकलेली आहेस. सांग."

मी म्हटलं, बियाणं खराब असेल.

"तिनं माझ्याच पोत्यातलं घेतलं होतं."

पाणी जास्त झालं असेल.

"दोघींची विहीर एक."

आतून साहेबांच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. आमच्यावर नव्हे, फोनवर कुणाशी तरी हसत होते. तरी माझे कान तापले. मी म्हटलं, मी स्वतः येऊन बघते.

"ये. पण खरंच ये. येतो म्हणणारे पुष्कळ झाले. चहाच्या पातेल्यात तुमच्या वाटचं पाणी घालून घालून मी कंटाळले."

मी इथे लागून तीन महिने झाले. आमचं केंद्र भोवतालच्या सगळ्या गावांना पेरणी कधी करायची ते सांगतं. अंगणात तारेच्या कुंपणात जमिनीत काचेचे तीन तापमापक रोवले आहेत. पाच सेंटीमीटर खोल, दहा आणि वीस. पेरणीचा सल्ला पाचावरून निघतो, कारण बी तेवढ्याच खोलीवर पडतं. भुईमुगाला माती सरासरी अठरा अंशांच्या वर लागते, तीही सलग तीन दिवस. तशी झाली की अकरा हजारांवर फोनांना "पेरणी सुरू करावी" असा संदेश जातो. तो संदेश यंत्रात घालून पाठवायचं काम माझं.

म्हणजे गेल्या चार वर्षांचं पाप माझं नाही. पण या वर्षीचं माझं असेल.

११ जानेवारी

आज रविवार. बाबांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र चौकटीत बसवून आणलं. बाबा शिंपी आहेत, त्यामुळे भिंतीवर खिळा मारतानाही गळ्यातली टेप काढून आधी माप. शेजारी आईचं एक प्रमाणपत्र आधीपासूनच आहे. "स्वच्छ परिसर, प्रथम क्रमांक." दोन्ही चौकटी एका रेषेत आल्या तेव्हाच बाबा स्टुलावरून उतरले.

"बघा," ते म्हणाले, "घरात दोन विद्वान आणि मी एकटा काज करणारा."

आई म्हणाली, "माझं जरा खाली घ्या. तिचं वर असू दे."

"टेपला मान-अपमान कळत नाही," बाबा म्हणाले.

आता जे लिहायला नको वाटतं ते. आईला ते प्रमाणपत्र आमच्याच केंद्राने दिलं आहे. सोळा वर्षं ती तिथे झाडते. ती सात वाजता जाते, मी दहाला. ती मागच्या फाटकाने निघते, मी पुढच्या. पहिल्या दिवशी तीच म्हणाली होती, "तिथं मला आई म्हणू नकोस. उगाच तुला खाली बघायला लागेल." मी तेव्हा भांडले नाही. भांडायला हवं होतं. मी "बरं" म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. रजिस्टर लिहिणारे एक पॉइंटकाका सोडले तर तिथे कुणाला ठाऊक नाही. साहेब तिला "बाई" म्हणतात आणि मला "मॅडम".

१३ जानेवारी

गेले. बसने एक तास, पुढे अर्धा तास पायी. महाविद्यालयातून सळईसारखा तापमापक मागून घेतला होता. त्यावर पाच सेंटीमीटरची खूण आहे, खुणेपर्यंत मातीत खुपसायचा आणि आकडा वाचायचा. चष्मेवाल्या मावशी सावली धरून उभ्या राहिल्या. दुपारी बरोबर अडीच वाजता मी वावरात सात ठिकाणी मोजलं. सरासरी आली एकोणीस पॉइंट चार.

तिथूनच केंद्रात फोन लावला. आमच्या अंगणातल्या पाच सेंटीमीटरवर त्याच वेळी किती? पंचवीस पॉइंट दोन.

सहा अंशांचा फरक! वारा तोच, ऊन तेच, माती काळीच.

आमच्याकडचा हिशेब असा आहे. सकाळी साडेसातला एकदा आणि दुपारी अडीचला एकदा मोजून सरासरी काढायची, ही खरी पद्धत. पण कार्यालय दहाला उघडतं. म्हणून कोणे एके काळी कुणा हुशार माणसाने ठरवलं की फक्त दुपारी मोजायचं आणि त्यातून सहा वजा करायचे, झाली सरासरी. सूर्यानेसुद्धा मस्टरवर सही करून मगच उगवावं अशी यांची अपेक्षा! तर आमच्या हिशेबाने मातीचं तापमान एकोणीस, म्हणजे पेरा. आणि मावशींच्या वावरात तेरा, म्हणजे पेरलंत तर बी मातीत नुसतं भिजत पडेल आणि कुजेल.

मावशी म्हणाल्या, "मग खोटं कोण बोलतंय? तुझी सळई का तुमचं ऑफिस?"

मी म्हटलं, शोधते.

परतताना बसमध्ये विचार करत होते. रजिस्टर कोण लिहितं? पॉइंटकाका. चौदा वर्षं एकच माणूस, एकच पेन, एकसारखं अक्षर. दुपारी अडीचला उन्हात रोज कोण उठून जाईल? खुर्चीवर बसून आकडे टाकत असतील. मला इतका राग आला की उतरायचा थांबा चुकला.

१५ जानेवारी

मी आज माती खाल्ली.

सगळ्यांसमोर पॉइंटकाकांना विचारलं, "काका, तुम्ही तापमापक वाचायला जाता, की इथे बसूनच पिकवता आकडे?"

ते डबा उघडत होते. त्यांनी झाकण परत लावलं. म्हणाले, "पोरी, मुलीच्या लग्नाच्या दिवशी मी वरात थांबवून अडीचला इथं येऊन गेलो. व्याही अजून टोमणा मारतात. तू पंचवीस म्हणतेस, मी पंचवीस पॉइंट दोन म्हणतो. तो पॉइंट दोन बसून पिकवता येत नाही."

कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. जेवलेही नाहीत.

माझा संशय अजून पुरता गेलेला नाही. पण त्यांचं न उघडलेलं झाकण डोळ्यांसमोरून जात नाही.

१६ जानेवारी

अडीचला काका माझ्या टेबलाशी आले. "चल. तू वाच, मी लिहितो."

अंगणात गेलो. कुंपणातली जमीन आरशासारखी स्वच्छ. काडी नाही, पान नाही. तिन्ही नळ्या मातीतून माना वर काढून बगळ्यांसारख्या उभ्या. पहिल्या दिवसापासून मला ते दृश्य आवडतं. किती नीटनेटकं, किती शास्त्रीय! काका गुडघ्यावर बसले, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला. मीही बसले. पंचवीस पॉइंट एक. काका खरं लिहीत होते. चौदा वर्षं खरं लिहीत होते.

मी शेजारीच माझी सळई खुणेपर्यंत खुपसली. एकोणीस पॉइंट सहा.

काकांनी सळईचा आकडा स्वतः वाचला. मग काका म्हणाले, "एक तरी वेडं आहे."

तेव्हा मला मान दिसली. बगळ्याची मान. या तापमापकाची नळी जिथे वाकते तो वाक जमिनीला टेकलेला असतो. नळी बनवतानाच तशी मापाने बनवतात. वाक जमिनीवर टेकला तरच टोक पाच सेंटीमीटर खोल. आमच्या तिन्ही नळ्यांचे वाक जमिनीपासून दोन बोटं वर हवेत. पट्टी लावली, साडेतीन सेंटीमीटर. म्हणजे टोक दीड सेंटीमीटरवर आलं आहे, वरच्या तापलेल्या पापुद्र्यात. पारा खोटं बोलत नाही, काका खोटं बोलत नाहीत. जमीनच खाली गेली आहे. चौदा वर्षांत केसाकेसाने. आणि चार वर्षांपूर्वी कधीतरी जानेवारीतल्या आकड्याने अठराची रेषा ओलांडली.

तीन महिने मी रोज त्या माना बघून खूश होत होते. लाज वाटते.

पण माझ्यापेक्षा जास्त लाज दुसऱ्याला वाटायला हवी. तपासणीची फाइल काढली. दर जानेवारीत साहेबांची सही. "तापमापकांची खोली तपासली : होय." पाच वर्षं, पाच "होय". पट्टी लावायला एक मिनिट लागतं. मी घड्याळ लावून बघितलं, चाळीस सेकंद. चाळीस सेकंद वाचवायला हजारो वावरांतलं बी कुजवलं!

माती गेली कुठे, हे मात्र नीट कळत नाही. वारा असेल. पावसाने वाहून गेली असेल.

घरी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे कापड आटलं आणि माप जुनंच." आई ताट घेऊन बसली होती. तिने विचारलं, "किती गेली म्हणालीस माती?" मी बोटांनी दाखवलं. तिने तेवढंच अंतर स्वतःच्या बोटांत धरून बघितलं. मग पोटात दुखतंय म्हणून उठली. उद्या तिला दवाखान्यात नेलं पाहिजे, स्वतःहून कधी जाणार नाही.

१९ जानेवारी

साहेबांना सांगितलं. फाइल, पट्टी, सात ठिकाणचे आकडे, सगळं पुढे ठेवलं. मला वाटलं ते हादरतील.

"बसा मॅडम. चहा घ्या." मग खुर्ची मागे रेलवून, "बरं. माती गेली म्हणता. गेली कशी? चालत?"

मी म्हटलं वारा, पाऊस.

"वारा फक्त कुंपणाच्या आत वाहतो? बाहेरचं गवत तर जागेवर आहे." ते हसले. "अहो, रोज खराटा फिरतो तिथं. सोळा वर्षं. डोंगर झिजेल. ती बाई झाडते ना, ती. कुंपणात जाऊनसुद्धा झाडते. तिला कुणी सांगितलं होतं?"

मी कप बशीत ठेवला.

"तिला मेमो द्या," साहेब म्हणाले. "निष्काळजीपणामुळे शास्त्रीय उपकरणांची हानी. कंत्राटावरच आहे, मार्चमध्ये नवीन माणूस बघू. मसुदा तुम्हीच करा, तुमची भाषा चांगली आहे."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. चार शब्द. ती माझी आई आहे. मी म्हटलं, "हो सर."

हो सर.

२० जानेवारी

काल मी आईशी बोलले नाही. आज बोलले आणि न बोलले असते तर बरं होतं.

"तू कुंपणात कशाला झाडायचीस?" मी विचारलं. "तुला कळत नव्हतं का, ती उपकरणं आहेत?"

ती भाकरीचं पीठ मळत होती, हात थांबवला नाही. "सोळाला तुला कळलं आणि वीसला मला विचारतेस. चार दिवस काय करत होतीस?"

"तुला आधीच माहीत होतं?"

"तू बोटांनी दाखवलंस तेव्हा कळलं. रोज कुंपणातल्या केराबरोबर चिमूटभर माती उचलायची मी. टाकायची मागच्या खड्ड्यात. मला वाटायचं धूळ आहे."

मी म्हटलं, हजारो लोकांचं बी गेलं त्या धुळीपायी. माझा आवाज चढला होता. बाबांनी मशीन थांबवलं.

आता तिने हात थांबवला. "माझ्या अंगावर ओरडू नकोस. मला कुणी सांगितलं होतं इथं झाडू नका म्हणून? वरच्यांची भेट असली की साहेब स्वतः फाटकाशी उभे राहायचे. 'बाई, कुंपणात पण चकाचक पाहिजे हं, फोटो निघतात.' नळ्यांना धक्का लागू नये म्हणून मी खराटा टाकला आणि हाताच्या केरसुणीनं झाडायला लागले. बसून. गुडघे गेले माझे त्यात. त्याचा तो कागद दिला, तुझ्या बापानं भिंतीवर लावला. आणि तू? तू तीन महिने त्या तारेच्या आत उभी राहतेस. तुला दिसलं? मी अडाणी. तू कोण?"

बाबा म्हणाले, "अगं, पुरे."

"पुरे काय? तिनं विचारलं म्हणून सांगते."

मग मी सांगितलं, मेमोचं. आणि मसुदा मी करायचा आहे हेही. आणि मी "हो सर" म्हटलं हेही. हे मी का सांगितलं? तिने मला मारावं असं वाटत होतं बहुतेक.

तिने पीठ झाकून ठेवलं आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. भाकऱ्या बाबांनी केल्या. जाड झाल्या. कुणी नावं ठेवली नाहीत.

रात्रभर चोर सोडून संन्याशाला फाशी, चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढंच डोक्यात. आणि फाशीचा दोर वळून द्यायचं काम माझ्याकडे, कारण माझी भाषा चांगली आहे.

२२ जानेवारी

आज कुंपणात गेले तर बगळे बसलेले. तिन्ही वाक जमिनीला टेकलेले. माती नवी, पाणी मारून चोपलेली, वरून हात फिरवून सपाट केलेली. तो हात मी ओळखते. आमचं अंगण तसंच असतं.

पॉइंटकाका शेजारी उभे होते. "काल तू शेतांवर गेलीस तेव्हा साहेबांनी भरून घेतलं. आजचा आकडा सतरा पॉइंट तीन. नुसता चिखल मोजतोय आपण." मग हळूच, "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगण खरंच वाकडं निघालं, तर ते रातोरात सरळ करून टाकलं. नाचणारा तोच."

मी साहेबांकडे गेले.

"झालं ना तुमच्या मनासारखं? पाच सेंटीमीटर म्हणजे पाच सेंटीमीटर. विषय संपला."

"मग या वर्षीचा सल्ला थांबवायला हवा, सर. खरी सरासरी तेरा-चौदा आहे."

"रजिस्टरमध्ये सतरा, अठरा, एकोणीस तारखेला काय आहे? पंचवीसच्या वर. सहा वजा केले तर एकोणीसच्या वर. सलग तीन दिवस. नियम पुरा झाला. चोवीसला संदेश जाईल, मी वर तारीख कळवली आहे."

"पण ते आकडे दीड सेंटीमीटरचे आहेत."

"ते कुठं लिहिलंय? खड्डा कुठाय? दाखवा मला."

खड्डा माझ्या आईने भरला होता. तिच्याच हातांनी, त्यांच्याच हुकमाने.

मग त्यांना आठवलं. "आणि तो मेमो?"

या वेळी मी म्हटलं. "ती माझी आई आहे."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. मला वाटलं शरमले. नाही. त्यांचा चेहरा मोकळा झाला, अवघड बेरीज अचानक जमावी तसा.

"अहो, मग आधी सांगायचं! मग तर सोपंच आहे. कशाला मेमो नि काय. त्यांचं कंत्राट पुढं चालू, मी स्वतः शिफारस करतो. तुम्ही चोवीसला संदेश पाठवा. आपण सगळे एका घरातलेच."

मी घाबरले नाही. मी इतकी संतापले होते की घाबरायला जागाच नव्हती. पण बोलले काहीच नाही. आणि त्यांनी ते "हो" धरलं.

२३ जानेवारी

काल रात्री आईला सौदा सांगितला, जसाच्या तसा. मी संदेश पाठवला तर तिची नोकरी राहते. नाही पाठवला तर मेमो.

ती म्हणाली, "मला कशाला विचारतेस? माती भरताना मला कुणी विचारलं होतं?"

"का भरलीस?"

"साहेबांनी सांगितलं म्हणून. आणि मला वाटलं भरलं की मिटलं. तुझीही कटकट गेली." थोड्या वेळाने ती आपणहूनच म्हणाली, "अकरा घमेली लागली."

"काय?"

"अकरा. मी मोजली. इतकी माती मी तिथून नेली, माझाच विश्वास बसेना. शेवटचं शिगोशीग नव्हतं, पण अकरा."

मी कागद घेतला. कुंपणातली जागा सहा फूट बाय पाच फूट. घमेल्यात साधारण दहा लिटर. आकडेमोड केली, उत्तर आलं साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास. दोनदा केली. मी तिला दाखवलं. तिला आकडे वाचता येतात.

"म्हणजे हा पुरावा?" तिने विचारलं.

"हो. पण सांगायला तुला लागेल. तू झाडलंस, तू भरलंस, कुणाच्या सांगण्यावरून, सगळं."

"आणि मग घरी बसायला लागेल."

"बहुतेक."

बाबांनी मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं होतं. कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

आई म्हणाली, "त्या चष्मेवाल्या बाई. त्या वाळलेले दाणे घेऊन आल्या होत्या ना? मी तेव्हा व्हरांडा पुसत होते. माझ्या पायाशी पडले दोन दाणे. मी ते झाडून टाकले."

  आज सकाळी सातला आम्ही दोघी बरोबर निघालो. पुढच्या फाटकाने. पहारेकऱ्याने दोघींकडे बघितलं आणि म्हणाला, "आज मॅडम लवकर?" मी म्हटलं, "आईबरोबर आले." तो "अच्छा" म्हणाला. एवढंच. एवढ्या एका "अच्छा"ला मी तीन महिने घाबरत होते.

साडेसातला कुंपणाबाहेर, न झाडलेल्या न भिजवलेल्या जमिनीत, सळई खुपसली. आठ पॉइंट सहा. आईने पट्टी धरली. दहाला काका आले, त्यांनी तो आकडा रजिस्टरात लिहिला आणि शेरा मारला : सकाळचं वाचन, चौदा वर्षांत पहिलं.

दुपारी चष्मेवाल्या मावशींचा फोन. "बी सोलून ठेवलंय. सोललेलं बी फार दिवस टिकत नाही. काय करू?"

मी म्हटलं, उद्या चारपर्यंत थांबा.

"उद्या चारला तू सांगणार का तुमचं ऑफिस सांगणार?"

मी फोन ठेवला.  घाबरले नाही असं काल लिहिलं होतं, ते आज लिहीत नाही. भीतीही होती.

२४ जानेवारी

संध्याकाळ. घरी आहे. आज घडलं ते क्रमाने लिहिते, पुढे कुणी विचारलं तर शब्द बदलायला नकोत.

अकरा वाजता आवक टेबलावर माझा अहवाल दिला आणि शिक्का घेतला. त्यात मेमोचा मसुदा नाही. तपासणीच्या पाच पानांच्या प्रती आहेत, सळईचे आकडे आहेत आणि आईचा जबाब आहे. तिने तो सांगितला, मी लिहिला, तिने सही केली. सही करायला वेळ लागला. आवक कारकून म्हणाला, "हिनं का सही केली?" आई म्हणाली, "कारण झाडलं मी आणि झाडायला लावलं साहेबांनी. दोन्ही लिहिलंय, वाचा." काकांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि शेजारी वेळही टाकली, अकरा वाजून चार.

साडेतीनला साहेबांनी मंजूर केलेला संदेश माझ्याकडे आला. "जमिनीचे तापमान अनुकूल. भुईमूग पेरणी सुरू करावी." त्यांना अहवाल अजून पोचला नव्हता. आवकातून त्यांच्या खोलीत कागद जायला दोन दिवस लागतात. त्यांचीच पद्धत.

मी तो संदेश बाजूला ठेवला. मला माहीत आहे, मला तो अधिकार नाही. कालपासून मी स्वतःशी हाच वाद घालते आहे. नियम मोडणारी मी आणि नियम पाळून बी कुजवणारे ते, यात फरक काय? फरक असा की माझी चूक निघाली तर लोक दोन आठवडे उशिरा पेरतील. त्यांची निघाली तर काळा भुगा. यापेक्षा चांगलं उत्तर मला सापडलं नाही.

यंत्रात मी हे लिहिलं :

"भुईमूग अजून पेरू नका. जमीन थंड आहे. खरी सरासरी चौदा अंश, लागते अठरा. गेली चार वर्षं आमच्या केंद्राचं मोजमाप चुकत होतं आणि त्यामुळे तुमचं बी कुजलं. चूक केंद्राची आहे, तुमची किंवा बियाण्याची नाही. रोज सकाळी साडेसात आणि दुपारी अडीच वाजता मोजून खरे आकडे कळवू."

खाली केंद्राचं नाव घातलं नाही. माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि माझा स्वतःचा नंबर घातला.

आई दारात उभी होती, हातात ओलं फडकं. 

चार वाजून सात मिनिटांनी मी तो पाठवला. अकरा हजार दोनशे चाळीस फोन. गेलेला संदेश परत घ्यायची सोय त्या यंत्रात नाही. पाठवण्याआधी मी ते दोनदा तपासून घेतलं होतं.